पायाळूचा पाय

जन्मताना आधी पाय बाहेर आले म्हणून मनकर्णा पायाळू, आणि पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं, हे उमापूरकडच्या त्या वाडीत मास्तरांपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना पटलेलं. दुष्काळात दूध संस्थेनं चारा छावणी काढली, छावणीला पाण्यासाठी बोअर हवं होतं. चेअरमन सर्जेरावांनी बारा-तेरा वर्षांच्या पोरीला अनवाणी ढेकळांतून फिरवलं. पाय मुरगळून ती पडली, तर उचलायचं सोडून यांनी त्याच जागी नारळ फोडला. पायाळूचा पाय अडला तिथंच पाणी, म्हणे! मशीन आली, धुरळा उडाला, पाणी काही लागलं नाही.

पोरीचा घोटा मात्र टम्म सुजला. शेजारणी म्हणाल्या, तेल लावून चोळा, उतरेल. तिच्या आईनं, चतुराबाईनं, कुणाचं ऐकलं नाही; दुधाच्या टेम्पोत घालून पोरीला बीडला नेलं. डॉक्टरांनी फोटो दाखवून समजावलं. मोठ्या माणसाचा पाय लचकतो, पण वाढत्या पोराचं हाड टोकाशी कोवळं असतं, ते तिथंच सुटतं. शिवाय सांध्यातल्या कूर्चेचाही तुकडा निघाला होता. ऑपरेशन करून तो बसवला, प्लास्टर घातलं. मी सांगण्याआधी पाय टेकवला तर हाड वाकडं वाढेल, असं त्यांनी बजावलं.

आठवड्यात सर्जेराव चार माणसं घेऊन दारात हजर. मागच्या खेपेला पोर मधेच पडली, फेरी अर्धी राहिली, म्हणून पाणी हुकलं, असा संस्थेनं बैठक घेऊन शोध लावला होता. प्लास्टरला फडकं गुंडाळू, दोघं बखोट धरतील, नुसता पाय टेकवायचा. चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उंबऱ्यात आडवी बसली.

"गावाचं काम हाय, चतुराबाई," सर्जेराव म्हणाले. "पोर द्यायची न्हाई तर तुमच्या म्हशी छावणीतून काढा."

"काढते की. तुमचं पाणी माझ्या पोरीच्या पायात न्हाई. तिथं तिचं हाड वाढतंय."

ती तडक छावणीत गेली आणि दोन्ही म्हशींची दावी सोडली. बाया कुजबुजल्या, गावाच्या पाण्यावर उठली. तिनं ऐकलं आणि मान ताठच ठेवली. भीती लई वाटत होती. घरात कडब्याची एक पेंढी नव्हती.

दारात म्हशी बघून बाजेवरची मनकर्णा रडवेली झाली. "आई, टाकते ना मी चार पावलं. खरंच पाणी लागलं तर?"

"लागंल की," चतुराबाई म्हशी बांधत म्हणाली. "गाव पिऊन मोकळं व्हईल. लंगडायचं तुला एकटीला हाय."