चाँदभाईंच्या पेरूवरच्या पिशव्या

वानरांच्या बंदोबस्तासाठी मी केलेल्या अर्जांना आजवर आलेली सर्व उत्तरे अत्यंत सुसंस्कृत भाषेत आहेत. पहिले कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते, दुसरे पहिल्याकडे. आणि या दोन बोटांच्या मधल्या जागेत, बिंदुसरेच्या धरणालगतच्या आमच्या गावात, वानरे निवांत जेवतात. माझी परसबाग गेली, ते मी गिळले. चाँदभाईंचे झाड मात्र अजून घशात अडकले आहे.

चाँदभाई माझे शेजारी. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांच्या घरामागे पेरूचे एकच झाड आहे. फळ लहान, आतून दुधासारखे पांढरे. दर हिवाळ्यात एका शुक्रवारी नमाजनंतर सारे घर त्या झाडाखाली बसते. मुलगा शहेबाज वर चढतो, पत्नी रहिमाबी खाली चादर धरतात, पहिले ताट कुंपणावरून आमच्याकडे येते आणि ते ताट आम्ही रिकामे परत पाठवत नाही. परळीला दिलेली लेक खुशनुमा त्या दिवसासाठी हटकून येते. यंदा तिच्या नवऱ्याला शारजात नोकरी लागली होती. महिनाअखेरीस ती आणि तिची लहानगी मिस्बाह तिकडे जाणार होत्या. परत कधी येणार, हे त्या घरात कोणी कोणाला विचारत नव्हते.

म्हणून चाँदभाईंनी यंदा प्रत्येक पेरूला कापडी पिशवी बांधली. रहिमाबींनी जुन्या ओढण्या फाडून, खुशनुमाच्या शाळेचा निळा गणवेश कापून त्या शिवल्या. मी म्हणालो, "चाँदभाई, कच्चेच उतरवा. घरात पिकतील."

"न्हाई सर. पोरगीनं झाडावरनं तोडून खाल्ला पायजे. तिकडं काय, पेट्यातले खाईलच की जलमभर."

फळ हिरवे होते तोवर वानरांच्या टोळीने झाडाकडे पाहिलेही नाही. आम्ही पिशव्यांचे कौतुक केले. वस्तुतः आम्ही फक्त रंगीबेरंगी खुणा करून ठेवल्या होत्या.

खुशनुमा येण्याच्या आदल्या दुपारी टोळी आली. म्होरक्याने एक पिशवी हुंगली, दातांनी फाडली, आणि मग कोणालाच शोधाशोध करावी लागली नाही. चाँदभाई धावत आले, काठी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मी कुंपणावरून ओरडलो, "अहो, हाणा की!"

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून मंजुळाबाईंचा आवाज आला. "चाँद, हात नको लावू बरं! मारुतीचं रूप हाय ते."

"मावशी, हात कुठं लावलाय? जोडलेत की!"

याच मंजुळाबाईंनी आदल्या आठवड्यात आपल्या वालाच्या वेलावरून त्याच रूपाला फटाके लावून पळवले होते. परंतु रस्त्यावर दोघा तरुणांनी मोबाइल वर धरले होते, आणि ते झाडाकडे नव्हे, चाँदभाईंकडे रोखलेले होते.

चाँदभाई हळूच म्हणाले, "सर, माज्या हातातली काठी अन् तुमच्या हातातली काठी येक न्हाई. तुमी हाना. तुमाला कोन काय म्हननार?"

मी कुंपण ओलांडून गेलो, काठी उगारली. म्होरक्याने दात विचकले. पुढच्या क्षणी मी रहिमाबींच्या स्वयंपाकघरात होतो.

"बसा सर," त्या म्हणाल्या. "आता आलेच हाव, तर च्या घ्या."

चहा होईपर्यंत झाड रिकामे झाले.

शुक्रवारी सकाळी चाँदभाई दुकान न उघडता बीडला गेले. परतल्यावर दार आतून लावून ते आणि शहेबाज बराच वेळ झाडाशी काहीतरी करत होते. दुपारी मला बोलावणे आले. पाहतो तो फाटक्या पिशव्या ठिगळे लावून पुन्हा झाडावर, आणि प्रत्येकीत फळ. खुशनुमाने निळी पिशवी ओळखली. "अब्बा, माजा डरेस फाडला!" म्हणत ती हसली, टाचा उंचावून तिने पिशवी सोडली. फळ देठाला नव्हते. ते तिच्या ओंजळीत नुसतेच पडले.

रहिमाबींनी कापले. आतून लालभडक.

मिस्बाह त्यांच्या घरच्या दखनीत म्हणाली, "नाना, अपना तो सफेद रहता ना?"

"इस साल खाद बदली, बेटा," चाँदभाई म्हणाले. त्यांची नजर चादरीवर होती.

मिस्बाह आणखी काही विचारणार, इतक्यात खुशनुमाने तिखटमीठ लावलेली फोड तिच्या तोंडात कोंबली, दुसरी स्वतः घेतली आणि सावकाश, शेवटपर्यंत चावून खाल्ली. "अब्बा, औंदा लई गोड हायेत," ती म्हणाली. "चार-दोन बांधून द्या. संग नेते."

चाँदभाई लगबगीने उठले आणि उरलेल्या पिशव्यांतल्या सर्वांत धडक्या निवडू लागले. ही तक्रार कोणत्या कार्यालयाकडे करावी, हे मला खरोखरच ठाऊक नाही. पहिले ताट माझ्या मांडीवर होते. समोरच्या पत्र्यावर म्होरक्या येऊन बसला होता आणि आम्ही आत जाण्याची शांतपणे वाट पाहत होता.