चौदा कोटींतला एक दाणा

उभ्या जालना जिल्ह्यात माझ्या साडूंइतका काटेकोर मोजणारा माणूस दुसरा नसेल. आणि अशा माणसाला मी तेरा महिने एका खोट्या मोजणीवर विश्वास ठेवू दिला. ही गोष्ट मी घरातही कुणाला सांगितली नव्हती.

साडूभाऊ एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्यात उगवण तपासत. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि किती कोंब फुटले ते मोजायचे, हे काम त्यांनी इतकी वर्षे केले की मोजणे हा त्यांचा स्वभावच होऊन गेला. डाळिंब सोलले की दाणे मोजून ते दोन वाट्यांत सारखे वाटत आणि एखादा उरलाच तर तो अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, तळहातावर ठेवत. लग्नात अक्षता टाकण्यापूर्वी मोजत. मंगलाष्टके संपून बँड वाजू लागला तरी त्यांची मूठ मिटलेलीच असे. "बत्तीस व्हत्या," ते मागाहून सांगत, "त्यात दोन तुटक्या. तुटक्या खिशात टाकल्या, जोडप्यावर कशाला टाकायच्या?"

अशा माणसाला लॉटरीचा नाद लागावा, तोही परदेशी लॉटरीचा, याचे मला राहून राहून नवल वाटे. त्यांचा पुतण्या आयर्लंडमध्ये नोकरीला होता. तिकडे अनेक देशांची मिळून एकच सोडत निघते. सगळ्या देशांतल्या तिकिटांचा पैसा एका राशीत जमतो. पन्नासांतले पाच आकडे आणि वेगळ्या बारांतले दोन, असे साती जुळले तर ती रास तुमची. अनेकांचे जुळले तर वाटणी. कुणाचेच न जुळले तर रास पुढच्या सोडतीत जाऊन आणखी फुगते. पुतण्या दर शुक्रवारी एक तिकीट काढी. आकडे मात्र जालन्याहून जात. ट्रेच्या पन्नास खान्यांत पन्नास सरक्या, दुसऱ्यात बारा मूग. ज्या खान्यांत आधी कोंब फुटेल, ते आकडे. "वावर सोडून शहरात आले, अन् आता घरात पेरणी!" असे म्हणून अक्कांनी ते ट्रे घराबाहेर काढले, तेव्हा ते आमच्या फ्रीजवर येऊन विसावले.

त्याच कारखान्यात ट्रक भरून रवाना करणे हे माझे काम. मी त्यांना माझ्या पद्धतीने समजावले. "साडूभाऊ, हे सात आकडे निवडण्याचे जवळपास चौदा कोटी प्रकार होतात. चौदा कोटी सरक्या म्हणजे, शंभराचे दहा ग्रॅम या तुमच्याच हिशेबाने, चौदा टन, एक भरलेला ट्रक. त्यात एकाच सरकीला रंग लावा आणि डोळे बांधून एक उचला."

"पन ती ट्रकात हाय ना?"

"आहे."

"मंग झालं तर!"

एका गुरुवारी लोणच्याची बरणी काढताना माझ्या कोपराचा धक्का लागला आणि दोन्ही ट्रे फरशीवर आले. कोंब फुटलेले दाणे कुठल्या खान्यांतले होते, ते कळण्याची सोय उरली नाही. मी ते हाताला येतील तसे पुन्हा मांडले. संध्याकाळी साडूभाऊ आले, चष्मा पुसला, दोनदा मोजले आणि आकडे पाठवले. मी शेजारी उभा होतो. त्यांतले तीन आकडे लागले! बक्षीस जेमतेम तिकडच्या दोन माणसांच्या साध्या जेवणाइतके. पण साडूभाऊंनी गल्लीभर पेढे वाटले. "बी कधी खोटं बोलत न्हाई, पाव्हणं. काय?"

मी "हो" म्हणालो.

पुढे ते निवृत्त झाले. अक्कांच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेल्या रकमेची त्यांनी दोन हजार तिकिटे काढायचे ठरवले. घनसावंगीला त्यांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे पुतण्याच्या वडिलांकडे, पैसे द्यायचे, पुतण्या तिकडे तिकिटे घेणार. सोबत मला नेले. ट्रकातून फार तर दोनशे ग्रॅम उचलल्यासारखे होईल, हे मी घनसावंगीच्या प्रवासी जीपमध्ये बसण्याआधीच सांगून पाहिले होते. "तीन लागले तवा कुठं गेल्तं तुमचं गणित?" असे त्यांनी विचारल्यावर माझ्याजवळ एकच उत्तर उरले होते आणि ते मला देववत नव्हते.

पिशवी त्यांच्या मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. अंबड जवळ येऊ लागले तसा मी त्यांच्याकडे सरकलो.

"साडूभाऊ, तो ट्रे पडला होता."

"आं? जरा मोठ्यानं बोला!"

इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा, आणि माझा आवाज जन्माचाच बारीक. मी ओरडलो, "ते तीन आकडे तुमच्या बियांचे नव्हते! ट्रे माझ्या हातून पडला, दाणे मी कसेही मांडले!"

जीपमधल्या बाराही जणांनी ते ऐकले. मागून कुणीतरी म्हणाले, "काका, पाव्हण्यानं डाव टाकला की हो!" साडूभाऊ हसले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून जीप थांबवली.

आम्ही रस्त्याच्या कडेला उतरलो. जीप निघून गेली.

"मंग खरे कोंब कोनत्या खान्यात व्हते?"

"माहीत नाही."

"म्हंजे आता ते कधीच कळायचं न्हाई." कारखान्यात नापास बियाणे बाजूला सारताना त्यांचा चेहरा होई, तसाच तो झाला होता. पिशवी खांद्याला अडकवून ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिकडे जालन्याकडच्या गाड्या थांबत. मी मागोमाग गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "आपन माघारी का आलो, ते तुमच्या अक्काला तुमीच सांगा," एवढेच म्हणाले.

"सांगतो," मी म्हणालो. "पण आधी तुम्हाला सांगतो. साडूभाऊ, ट्रे पडला ती चूक नव्हती. तुम्ही चष्मा पुसून दोनदा मोजत होतात आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो, ती चूक. मला माफ करा."