पाटावरचा सर्व्हर

लिनक्सच्या मशीनवर कोण कधी आलं आणि मशीन कधी, कसं बंद पडलं, हे बघायचं असेल तर टर्मिनल उघडून last -x टाइप करावं. ही कमांड मी सगळ्यांना शिकवते. मला ती एकदा किती गोड लागली होती, ते मात्र सांगत नाही.

जुन्नरजवळच्या एका टोमॅटो रोपांच्या नर्सरीत मी कॉम्प्युटर सांभाळायचे. कुणाला कोणत्या तारखेला किती रोपं द्यायची, ती सगळी यादी सर्व्हरमध्ये असायची. खंडेनवमीला मी सुट्टी घेऊन महाळुंग्याला घरी गेले. इकडे नर्सरीत पूजा मांडली होती, फवारणीचे पंप, कात्र्या, ट्रे. मॅनेजरला वाटलं, सर्व्हरही पाटावर बसला पाहिजे. त्यानं चालू मशीनची वायर उपटली, ओल्या फडक्यानं पुसलं, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी परत जोडलं, तर यादी उघडेना.

मी कामावर आले तेव्हा तो मालकांना सांगत होता, "मॅडमनी जाताना कायतरी डिलीट केलं राव. मी तर हातबी लावला न्हाई." ट्रे भरणाऱ्या बायांसमोर मालक मला वाट्टेल ते बोलले. "जमत नसंल तर घरी बसा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी last -x टाकलं. खंडेनवमीच्या सकाळी मॅनेजरचं लॉगिन, पुढे crash. नीट बंद केल्याची ओळच नाही. शिवाय सुट्टीआधी यादीची कॉपी काढायची माझी सवय. पेनड्राइव्ह पर्समध्येच होता. दहा मिनिटांचं काम. पण मी गप्प बसले. मला त्याला रविवारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उघडं पाडायचं होतं. तोवर तो फोनवर फोन घेत घामाघूम होत होता आणि मी मजेत चहा पीत होते.

शनिवारी बोरीकडची एक शेतकरीण भाड्याची पिकअप घेऊन आली. "आजची तारीख दिलीया मला." यादी नव्हती, आणि मॅनेजरनं ती रोपं सकाळीच मोठ्यानं भांडणाऱ्या एकाला देऊन टाकली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पर्स मांडीवर घट्ट धरली.

रविवारी मी त्या लॉगिनच्या ओळींची प्रिंट ऑफिसच्या काचेवर चिकटवली आणि मोठ्यानं विचारलं, "हे लॉगिन कुणाचं, भाऊ?" त्याचं तोंड एवढंसं झालं. मालकांनी त्याला सगळ्यांसमोर माझी माफी मागायला लावली. आजही ते आठवलं की बरं वाटतं.

मग मी यादी परत चढवली. शनिवारच्या तारखेला पहिलंच नाव त्या बाईचं होतं. मी तिला फोन लावला. रान तयार करून ती दुसरीकडे रोपं शोधत फिरत होती.

"तुमी कशाला वाईट वाटून घेता?" ती म्हणाली. "मशीनच बिघडलं व्हतं, त्याला तुमी तरी काय करनार?"

मी म्हणाले, "हो ना."