पिवळे निशाण

बेटावर सकाळचे ऊन थेट येत नाही. आधी ते खाडीपलीकडच्या शहरावर उतरते, उंच इमारतींच्या काचांवर रेंगाळते आणि तिथे पुरेसे वापरून झाल्यावर पाण्यावरून सरकत इकडे येते. प्रथम बोंबील वाळत घातलेल्या वलांडीची वरची काठी उजळते, मग खालची. काही क्षण एकेका बोंबलातून प्रकाश आरपार दिसतो. मग अंगणातले निळे पिंप, पिंपावरचा उपडा तांब्या, पायरीवरच्या चपला. पडवीत शिरायला त्याला फार वेळ लागतो. एक लादी उजळते, थांबते, मग दुसरी, परवानगी विचारत आत आल्यासारखी. मी चटईवर आडवा होऊन ते पाहत आहे. ऊन माझ्या पायाच्या अंगठ्याला लागले की उठायचे, असे मी ठरवले आहे.

येसूमावशीने चहा दिला आणि म्हणाली, "पंच नऊला बसतान. तवर लवंड जरा. डोले बघ तुझे."

येसूमावशी हरेश्वरची आई. हरेश्वर माझा मित्र; तंत्रनिकेतनात तीन वर्षे आम्ही एका बाकावर बसलो. अकरा महिन्यांपूर्वी, त्याच्या साखरपुड्याच्या दुपारी, भर ओहोटीत तो मोरू नाखव्याची जुनी होडी घेऊन एकटाच शहराकडे निघाला आणि बुडाला.

इथली रीत अशी आहे. शहराच्या धक्क्यावर एक उंच बांबू आहे आणि त्याच्या बुडाशी पत्र्याची पेटी. पेटीत बेटावरच्या प्रत्येक घराचे वेगळ्या रंगाचे कापड. पाहुण्याने आपल्या यजमानाचे कापड दोरीने वर चढवायचे. ते दिसले की त्या घरच्या माणसाने होडी घेऊन न्यायला जायचे, वारा असो की ओहोटी. हातात मोबाईल आले तरी रीत गेली नाही. निशाण वर असताना घरी बसणे म्हणजे पाहुण्याला दारातून परत लावणे. येसूमावशीच्या घराचा रंग पिवळा.

मोरू नाखवा सांगतो की त्या दुपारी पिवळे निशाण वर होते, हरेश्वरची स्वतःची होडी डांबर लावून उपडी घातली होती, म्हणून त्याने आपली दिली. पण बाकीचे गाव साखरपुड्यात गुंतले होते, निशाण दुसऱ्या कुणी पाहिले नाही, आणि ते चढवणारा पाहुणाही त्या घरी पोचला नाही. गावाचे म्हणणे, नाखव्याने स्वतःच्या कामाला पोराला पाठवले आणि निशाणाची गोष्ट मागाहून रचली. साखरपुड्याला यायचा राहिला असा पाहुणा एकच, मी. आज पंच मला एवढेच विचारणार आहेत: त्या दिवशी तू धक्क्यावर आला होतास का?

माझे उत्तर अकरा महिने तयार आहे. नाही. या एका शब्दाने नाखव्याचा माणसे होडीने पार नेण्याचा मान जाईल, त्याच्या ओट्यावर कुणी बसणार नाही, त्याच्या घरच्या लग्नाला कुणी जाणार नाही. मला त्याचा चेहरा पाहायचा आहे. या इच्छेवर मी जगलो आहे.

ऊन अंगठ्याला लागते. मी उठत नाही. पायाशी हरेश्वर बसला आहे.

"झोपलास काय रं, पावन्या?"

त्याने साखरपुड्याचा सदरा घातला आहे. गुंड्या एकेका काजाने खाली सरकल्या आहेत. तो मेलेला आहे यापेक्षा मला तेच आधी खटकते.

"तुझीच वाट पाहत होतो," मी म्हणतो.

"तू? वाट?" तो हसतो. "इराण्याकडं चा येईस्तवर तुझ्यानं बसवत नाय."

"आज मी मोरू नाखव्याला बुडवणार आहे."

"मोरूआबाला? त्यो सत्तरीत खाडी पोहून जातो. तुला तर घोटाभर पान्यात भ्या वाटतं."

"थट्टा करू नकोस. तुला सूड नको?"

"हवा तर." हे तो इतक्या सहज म्हणतो की मला आनंद होतो. "खानं सुटलं, पिनं सुटलं, त्यो येक सुटत नाय. चल, दावतो."

पडवीची पायरी उतरतो तर ती वर जाते. तंत्रनिकेतनाचा जिना आहे. प्रत्येक पायरीवर शेवाळ, कठड्याला शिंपले. आमच्या वर्गात बाकांवर बायका बसल्या आहेत, नटूनथटून कुठेतरी निघालेल्या. नेसूची नवी लुगडी, अंबाड्यात अबोलीच्या वेण्या. मी आत येताच बोलणे थांबते. एक जण दुसरीला कोपर मारते.

"अगो, ह्यो कोन? नवरदेव तर नाय?"

"नवरदेव कसला! ह्याला तर आताच घाम फुटला."

हसू बाकाबाकावरून फिरते. माझे कान तापतात. मी दाराकडे वळतो.

"अस्साच फिरलास ना मागं?" हरेश्वर विचारतो.

"कुठून?"

"धक्क्यावरनं."

"मी त्या दिवशी आलोच नव्हतो." माझा आवाज छान लागतो, घोटून घोटून गुळगुळीत झालेला. बायका माना डोलावतात. हरेश्वर मान डोलावत नाही.

फळ्यावर खडूने ओढलेली एकच उभी रेघ आहे. मी ती पाहतो तेव्हा तो बांबू असतो, आणि आम्ही शहराच्या धक्क्यावर उभे असतो. वारा अजिबात नाही, तरी वर पिवळे कापड फडफडते आहे. पाणी भराभर उतरते आहे. खाडीच्या मध्यावर एक होडी, तिच्यात उभा एक माणूस. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या घाईत लावलेल्या आहेत, हे मला इतक्या दुरूनही दिसते. हरेश्वर माझ्या शेजारीच आहे.

"त्याला मागं फिर म्हन," तो म्हणतो.

मी हाक मारतो. हाक माझ्या हनुवटीपलीकडे जात नाही. माझी हाक कधीच गेलेली नाही.

"तोंडानं कशाला? उतरव की."

मी दोरी धरतो. काथ्याची दोरी, ओली, करकरीत. ओढतो. ती हलत नाही. सारा भार टाकून ओढतो. होडी जवळ येत नाही, दूरही जात नाही. फक्त खाली खाली जाते.

"कोणाचा सूड हवा आहे तुला?" मी ओरडतो.

"ज्यानं मला बोलावला नि थांबला नाय, त्याचा." त्याच्या बोलण्यात राग नाही, सदऱ्याची बाही नीट करावी तसे तो बोलतो आहे. "वर मोरूआबाला पुढं केला. तूच सांग, काय करू त्याचं?"

"सोड त्याला."

"सोडला असता रं. पन त्यो रोज सकाली उठून माझ्या नावानं सूड मागतो. आता पंचांम्होरं बी माझंच नाव घेनार."

होडीचा काठ पाण्याला टेकतो. हरेश्वर माझ्यामागे येऊन उभा राहतो, त्याचे गार हात माझ्या हातांवर ठेवतो आणि दोरी माझ्या मुठींतून खसकन ओढतो.

"आरं ऊठ!" येसूमावशी माझा खांदा हलवते आहे. ऊन माझ्या कमरेपर्यंत आले आहे. "पंच आले. मोरूआबा बी येऊन बसलाय. चा दिला तं घेतला नाय त्यानं. तू त्याच्याकडं बघू नको, तुला इचारतील तेवढं सांग नि मोकला हो."

मी उठायला हात टेकतो आणि कळवळतो. दोन्ही तळव्यांवर तिरपे लाल वळ उठले आहेत, पिळाच्या खुणांसकट. उजव्या तळव्यात काथ्याची एक कूस रुतून बसली आहे. मी चटई चाचपतो. ती प्लास्टिकची आहे.

मावशी माझा हात धरून उजेडात नेते. वळ पाहते. मग माझ्याकडे पाहते.

"ह्ये कशानं झालं?"

पडवीबाहेर कुणीतरी खाकरते. नाखवा असावा. तो चेहरा पाहायला मी अकरा महिने थांबलो होतो. आता तिकडे मान वळत नाही.

"मावशी," मी म्हणतो, "निशाण मी चढवलं होतं. धक्क्यावरच्या बायका मला हसल्या म्हणून लाजलो आणि ते न उतरवताच रिक्षा करून घरी गेलो."