शिरोड्याचा गोरा साहेब

“बोल रे सायबा! खंय आसा माझो झील?”

म्हातारी कोयती उगारून थेट रंगमंचावर चढली होती. भर दुपार, शाळेचं पटांगण, समोर अख्खं शिरोडं. मी पडद्याआडून संवाद सांगायला होतो. खरं सांगतो, वही टाकून मी तबलजीमागे लपायला धावलो, तर तोच माझ्यामागे येऊन लपला.

साहेब म्हणजे आमच्या गावचा शिंपी. काडीसारखा देह, सशाचं काळीज. पण बोटीवरच्या मामाने दिलेली हॅट त्याच्याकडे होती, म्हणून कुठल्याही नाटकात कलेक्टर, कप्तान, कोणीही गोरा लागला की हाच. वेंगुर्ल्यापासून कसालपर्यंत त्याने निदान चाळीस हजार देशभक्तांना चाबकाने फोडलं असेल. लोक करवंट्या फेकून मारत. तोंडाला सफेता फासताना दर वेळी माझा हात धरून म्हणायचा, “माका आज मारतले रे.” मग चाबूक धरलेला हात लटपटायचा आणि तुमच्यासारखे जाणकार प्रेक्षक म्हणायचे, “रागान कसो थरथरता बघ!”

म्हातारीचा झील, एकुलता एक मुलगा, सत्याग्रहींबरोबर गोव्याच्या हद्दीत शिरला, तो पोर्तुगीजांच्या तुरुंगात पडला. जिवंत आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. तिने जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. टोपीवाला गोरा समोर दिसला, तेवढं तिला पुरे झालं.

कोयती गळ्याशी आली. घामाने सफेता वाहून साहेब अर्धा गोरा, अर्धा सावळा झालेला. मी ओरडलो, “अरे, शिंपी आसंय म्हणान सांग तिका!”

त्याने म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं. हॅट सरळ केली.

“सोडलंय तेका,” तो म्हणाला. “घराक येतलो.”

म्हातारीने कोयती खाली ठेवली आणि साहेबाच्या पायांवर डोकं टेकलं. पटांगण हसून लोळलं. तो तेवढा हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसू लागली. गळ्यात टेप, हातात कात्री, तरी तिच्या लेखी तो साहेबच. “कधी येतलो, सायबा?” एवढंच विचारायची. याची सुई कापड सोडून बोटात शिरायची. शर्टाला तीन बाह्या लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

“म्हातारी आता कोयती घेवन येणा नाय, मगे भियतंस कित्याक?” मी एकदा विचारलं.

“कोयतीक कोण भिता? ती गप बसान रवता ना, तेका भियतंय.”

पुन्हा त्याने तोंडाला रंग लावला नाही. एका सकाळी शिवणयंत्र डोक्यावर घेऊन तो घाटावर निघून गेला. कुठे, कोणाला सांगितलं नाही. दुकानात खुंटीवर हॅट तेवढी राहिली.

पुढे गोवा मोकळा झाला आणि म्हातारीचा मुलगा चालत घरी आला. हाडांचा सापळा, पण जिवंत. मी धावत तिच्या दारात गेलो. ती मासे साफ करत होती.

“म्हातारे, तो साहेब तुका भिऊन पळालो! झील इलो म्हणान तेका कळवूक होया!”

तिने मान वर केली नाही.

“कित्याक? तेनाच सोडल्यान मा.”