घरात राहणारी माणसे : एक

माझ्या भावोजींइतकं मन लावून घाबरणारा माणूस अख्ख्या न्यूझीलंडमध्ये दुसरा नसेल. बाकीचे लोक काही घडलं की घाबरतात. भावोजी रोज सकाळी दात घासावेत तितक्या नियमाने घाबरतात. माझ्या मावसबहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. पुण्याहून पहिल्यांदा ऑकलंडला उतरले तेव्हा विमानतळावर खाण्याच्या वस्तू जाहीर करायच्या कार्डावर त्यांनी 'लवंग, नग एक' असं लिहिलं होतं. कोटाच्या खिशात सापडली होती. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने लवंग हातात घेतली, वास घेतला आणि "स्वीट अ‍ॅज, मेट", म्हणजे 'चालतंय, मित्रा', म्हणून परत दिली. भावोजी जागचे हलेनात. म्हणाले, "तसं लिहून द्याल का?" मागे अख्खं विमान रांगेत उभं. ताई हा किस्सा सांगताना हसून हसून बेजार व्हायची. पुढे पुढे सांगायची, पण हसायची नाही.

गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपायच्या दीड महिना आधी ते गॅरेजवाल्याच्या दारात उभे. लायब्ररीच्या पेटीत पुस्तक टाकलं की आत जाऊन ते नीट पडलं का ते विचारणार. रिसायकलिंगच्या डब्यात चुकून भलतंच झाकण गेलं, म्हणून त्यांनी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, माफीची ईमेल पाठवली होती आणि उत्तर आलं नाही म्हणून आठवण करून देणारी दुसरी. भूकंपासाठी पाणी, टॉर्च, बिस्किटं भरलेली एक पिशवी इथे बरेच जण ठेवतात. यांच्याकडे दोन होत्या, न जाणो पहिली ढिगाऱ्याखाली गेली तर! पण मी इथे शिकायला आले, तेव्हा माझ्या भाड्याच्या खोलीतला स्मोक अलार्म दर महिन्याला येऊन झाडूच्या दांड्याने दाबून बघणारे हेच. माझ्या घरमालकाने तो कधी दाबला नाही. त्यांची माया अशी भीतीच्या वाटेनेच यायची, आणि ती सोसायला थोडी कठीण असायची.

ताईने ती बरीच वर्षं सोसली. मग तिला तिकडे हॅमिल्टनजवळ, 'ते रापा' नावाच्या भागात, दुधाच्या फॅक्टरीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. भांडण नाही, आदळआपट नाही. आधी ती सोमवार ते शुक्रवार तिकडे राहायची आणि शनिवार-रविवार ऑकलंडला, बॉटनी डाउन्सच्या घरी यायची. मग एकाआड एक आठवडा. मग महिन्यातून एकदा. मग गणपतीला आली, ती पाहुणीसारखी बाहेरच्या खोलीत बसली. विचारलंच कुणी, तर भावोजी सांगायचे, "कामाचा ताण आहे तिला." लेक वेलिंग्टनला असते. तिला सगळं कळत होतं, पण तीही काही बोलत नव्हती.

अशात पेनरोजच्या ज्या कारखान्यात भावोजी माल तपासायच्या कामावर होते, तिथे त्यांचा आठवडा पाचावरून दोन दिवसांवर आला. घराची पट्टी, जिला इथे रेट्स म्हणतात, ती काही दोन दिवसांवर आली नाही. लेकीने फोनवर सांगितलं, "बाबा, कमी इन्कमवाल्यांना रिबेट मिळतो. जस्ट अप्लाय! हीप्स ऑफ पीपल डू इट." मागच्या जुलैपासूनच्या पूर्ण वर्षाची सूट मिळणार होती, अट एकच, अर्ज जून संपायच्या आत गेला पाहिजे. जूनचे नऊ दिवस उरले होते.

भावोजी फॉर्म घेऊन माझ्याकडे आले. सगळा भरला होता, सुवाच्य अक्षरात. एकच जागा कोरी होती. वर्ष सुरू झालं त्या दिवशी, म्हणजे एक जुलैला, घरात तुमच्यासोबत कोण राहत होतं? जोडीदार वेगळा झाला असल्यास, कधीपासून?

"तुझी ताई मागच्या जुलैला इथे राहत होती का गं?" त्यांनी मला विचारलं.

ती राहत होती असं म्हटलं, तर तिचा पगार धरला जाणार आणि सूट गेली. नव्हती म्हटलं आणि ते खरं नसलं, तर शपथेवर खोटं बोलल्याचा गुन्हा. त्यांनी पुराव्यांची फाइलच आणली होती. विजेची बिलं होती. दूध दोन लिटरवरून एक लिटरवर कधी आलं याचं टिपण होतं. "पण इथे बघ," ते म्हणाले, "ऑगस्टमध्ये पुन्हा दोन लिटर." मग फाइल मिटत म्हणाले, "ते मीच आणलं होतं. येईल असं वाटलं होतं."

मी म्हटलं, "भावोजी, ताईला फोन करून विचारा ना."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "नको. विचारलं तर ती तारीख सांगेल."

पण दिवस भराभर जात होते, आणि त्यांना झोप लागत नव्हती हे दिसत होतं. दाढी करताना हनुवटीवर दोनदा कापलं होतं. शेवटी शनिवारी मीच त्यांना गाडीत बसवलं. म्हणजे त्यांनी मला बसवलं, कारण माझ्या ड्रायव्हिंगची त्यांना भीती वाटते. हायवेवर डाव्या लेनमधून आम्ही अशा वेगाने गेलो की गुरांचा ट्रक आम्हाला ओलांडून गेला. वाटेत त्यांनी तीनदा विचारलं, "अपॉइंटमेंट घेतली आहेस ना?" मी म्हटलं, "बायको आहे तुमची." त्यावर ते म्हणाले, "तेच तर लिहायचं आहे ना, आहे की नाही."

ताई शनिवारची पाळी संपवून लॅबमधून सरळ जवळच्या कॅफेत आली. केस कापले होते, बरी दिसत होती. भावोजींनी फॉर्म तिच्यासमोर सरकवला आणि टेबलावरचा साखरेचा डबा विनाकारण सरळ केला. तिने वाचलं. क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

"मे महिन्याचा दुसरा शनिवार," ती म्हणाली. "मागच्या वर्षीचा."

"पण त्यानंतरही तू आलीस की. गणपतीला..."

"आले. राहायला नाही आले." तिचा आवाज अगदी मऊ होता. "त्या शनिवारी मी निघाले, तेव्हा तुम्ही टायरमधली हवा बघितलीत, ऑइल बघितलंत, काच पुसलीत. पोचलीस की मेसेज कर म्हणालात. मी इंजिन चालू करून थांबले होते हो. परत कधी येणार, एवढं तुम्ही विचारलं नाहीत."

भावोजींनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "मला भीती वाटली."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली आणि पर्समधून पेन काढून तिने त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी तारीख लिहिली. इतर अक्षरांइतकी ती सुवाच्य आली नाही.

सोमवारी आम्ही लायब्ररीत गेलो. तिथे सही-शिक्क्याचा अधिकार असलेली वयस्क माणसं विनामूल्य बसतात. त्या दिवशी एक माओरी आजी होत्या. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून त्यांनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "यात लिहिलंय ते सगळं खरं आहे?" एरवी अशा प्रश्नावर भावोजींनी दहा खुलासे केले असते. या वेळी ते नुसतं "हो" म्हणाले. आजींनी शिक्का मारला, फॉर्म परत देताना त्यांच्या हातावर क्षणभर हात ठेवला, आणि भावोजी प्रथमच लिहून न मागता तिथून निघाले.

सूट मंजूर झाली. घर राहिलं. मंजुरीचं पत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलं, त्यात काही नवल नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी मला चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः कौन्सिलला फोन लावला. "माझी पत्नी येत्या शनिवारी येणार आहे," ते सांगत होते, "तिची हिवाळ्याची पांघरुणं न्यायला. एक रात्र राहील. आधी कळवलेलं बरं, म्हणून." पलीकडची मुलगी हसून म्हणाली असावी, काही हरकत नाही, कारण भावोजींनी दोनदा थँक्यू म्हटलं. पण फोन ठेवला नाही. स्वयंपाकघराकडे पाठ फिरवून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि समजा, जास्त राहिली तर?"

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली, हे नंतर लक्षात आलं.

शनिवारी ताई आली. दोघांनी मिळून पांघरुणं उन्हात टाकली, संध्याकाळी पिठलं-भात खाल्ला, आणि रविवारी दुपारी ती गेली. कौन्सिलला नवं काही कळवायची वेळ अजून आलेली नाही.