माझ्या हातचा घास

तिने तोंड उघडलं नाही.

मी चमचा धरून उभी होते. चमच्यात मऊ भात, वर वरणाचं पाणी. समोर खुर्चीवर मुरुडची एक बाई रुग्ण होऊन बसली होती. रुग्णाला नीट बसतं करायचं, गळ्याखाली रुमाल लावायचा, घास लहान घ्यायचा, घाई करायची नाही. शिकवलं तसं सगळं केलं. चमचा ओठाला टेकणार तेवढ्यात तिने मान वळवली.

"मला आज उपास हाय," ती म्हणाली.

बरं. असतो बायकांना उपास. मी चमचा खाली घेतला. शिकवणाऱ्या मॅडमनी टाळी वाजवली. "चला, जोड्या बदला." मॅडमना दर थोड्या वेळाने काहीतरी बदलायला लागायचं, नाहीतर बायका कंटाळतात असं त्यांचं म्हणणं. मुरुडची बाई उठली, शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. तिथे दुसरी एक जण चमचा घेऊन उभी होती. त्याच पातेल्यातला भात. हिने आ केला आणि खाल्ला. वर पदराने तोंड पुसलं.

माझ्यासमोर नवी बाई आली. तिलाही उपास निघाला. तिच्यानंतरच्या बाईचं पोट बिघडलं होतं. एका सकाळी इतके उपास मी मुदखेडच्या अख्ख्या बाजारात पाहिले नव्हते. हात तसाच पुढे. भात गार झालेला.

मॅडमनी पाहिलं. पाहिलं नाही असं त्या म्हणूच शकत नाहीत, त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही एक काम करा. तुम्ही बेडपॅन धरून दाखवा. तुम्हाला त्याची सवय असेलच."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर ती थट्टा तरी ठरली असती. मॅडम अगदी साधेपणाने बोलल्या, अडचणीतून मला सोडवल्यासारखं. आणि मी बेडपॅन धरलं. ते जास्त लागतं मला. मी धरलं. कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळी परतीच्या एसटीत बसले तर तो ग्रुपवर आलेला. बाकीच्या एकमेकींना घास भरवतायत आणि मी कडेला भांडं धरून उभी. खाली लाल बदामांची रांग.

हे लातूरला झालं. कोर्स तसा सगळा मोबाईलवर, मध्येच एक दिवस प्रत्यक्ष बोलावतात. रुग्णसहायकाचा कोर्स. मी नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात झाडू-पोछा करते. रोज मुदखेडहून गाडीने जाते, गाडीने येते. आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर बऱ्या आहेत. त्या एकदा म्हणाल्या, "तू बारावी झालेली. हा कोर्स कर. सर्टिफिकेट आण, मी तुला वॉर्डात घेते. न्हाईतर झाडू हायच." त्यांनी काही लपवून ठेवलं नाही.

माझी माय मुदखेडला एका शाळेत झाडायची. त्याच शाळेत मी शिकले. मी वर्गात बसलेली असायची आणि माय बाहेर व्हरांडा झाडत पुढे जायची, खिडकीतून माझ्याकडे बघायची नाही. मुद्दाम बघायची नाही. पोरीला कुणी ओळखू नये म्हणून. तिने तेवढ्यासाठी मला शिकवलं की तिच्या हातातली वस्तू माझ्या हातात येऊ नये. आली ती आलीच. ज्या दिवशी मी दवाखान्यात कामाला लागले, त्या दिवशी माय जेवली नाही. म्हणून हा कोर्स मला हवा होता. दुसरं काही नको होतं.

दवाखान्यातून शबानाही कोर्सला होती. ती नांदेडचीच, आमच्याकडे कपड्यांच्या विभागात काम करायची. दोघींनी मिळून नाव घातलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं की ऑनलाइन कोर्समधून बायका फार लवकर गळतात. म्हणून आपण रटाळ शिकायचं नाही, गमतीजमती करत शिकायचं. मॅडम पुण्याहून शिकवायच्या. गोड बोलायच्या. कॅमेरा चालू पाहिजे, चेहरा दिसला पाहिजे, हे पहिलं. मधूनमधून पडद्यावर एक चौकट यायची: तुम्ही अजून आहात का? खाली 'हो'. ते दाबायचं. दाबलं नाही तर आपोआप बाहेर, आणि त्या दिवसाची हजेरी गेली. मध्येच सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, मध्येच एकमेकींना बदाम पाठवायचे.

तर पहिली गंमत अशी. मॅडम म्हणाल्या, "चला, ओळख करून घेऊ या. प्रत्येकीने फोन फिरवून आपल्या घरातला आवडता कोपरा दाखवायचा."

बायकांनी दाखवले. कुणाचं देवघर, चांदीचा दिवा. कुणाची ओट्यावरची भांडी. प्रत्येकीला भरभरून बदाम. मॅडम म्हणायच्या, "वा, किती प्रसन्न." माझी पाळी आली. आमचं घर एका खोलीचं, वर पत्रे. त्यात कोपरा असा एकच, जो माय रोज पुसते. एक फळी. फळीवर बुद्धाची मूर्ती, मागे निळा झेंडा लावलेला. मी मोठ्या हौसेने फोन तिकडे केला. माय पदर सावरून बाजूला झाली, मूर्ती नीट दिसावी म्हणून.

बदाम आले नाहीत. शबानाचा एक आला. मॅडम म्हणाल्या, "अच्छा. बरं, पुढे कोण?"

मला तेव्हा वाटलं, नेट अडकलं असेल. खरंच वाटलं. माय म्हणाली, "दिसलं का गं त्यांना?" मी म्हणाले, दिसलं.

त्यांना दिसलंच होतं. लातूरला जाईपर्यंत ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं, हे मला तिथे चमचा हातात घेतल्यावर कळलं.

परतीच्या एसटीत शबाना माझ्याशेजारी होती. चाकूर मागे पडल्यावर ती म्हणाली, "तू बोल्ली न्हाईस ते बरं झालं. मीबी न्हाई बोल्ले. आपलं काम अडलंय त्यांच्याकडं."

मी म्हणाले, हाव.

"तुझ्या हातचं मी खाल्लं असतं," ती म्हणाली. "पन माझ्या जोडीला तू आलीच न्हाईस."

तिचा काही दोष नव्हता. तरी मला तिचा राग आला. मग त्या रागाचाही राग आला. खिडकीबाहेर बघत बसले. वॉर्डात मी माणसं भरवलेली आहेत. ज्यांच्याजवळ कुणी नसतं, सिस्टर कामात असतात, अशा वेळी मी हात धुऊन ताट घेते. आजारी माणूस विचारत नाही तू कोणाची. त्याला भूक असते. विचारायला अंगात ताकद लागते, आणि त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्या धडधाकट होत्या.

त्यानंतर मला क्लासमध्ये बसवेना. फोन समोर ठेवायची आणि मान खाली घालायची. मॅडम काय शिकवतायत ते कानावर पडायचं, आत जायचं नाही. 'तुम्ही अजून आहात का' आलं की दाबायची, कधी दाबायचं राहून जायचं. हजेरी बुडत गेली.

मग कोर्स चालवणाऱ्या संस्थेतून एका सरांचा फोन आला. गळणाऱ्या बायकांना फोन करणं हेच त्यांचं काम. माणूस आपल्याच भागातला, बोलण्यावरून कळत होतं.

"ताई, तुमचं लक्ष न्हाई लागून राहिलं असं मॅडम म्हणतेत. काय अडचण हाय? नेट, मोबाईल, वेळ, का घरचं? यातलं एक सांगा."

"यातलं न्हाई सर."

"मग काय?"

काय सांगायचं? माझ्या हातचा भात कुणी खाल्ला नाही म्हणून माझं लक्ष लागत नाही? हे असं फोनवर सांगता येतं का कुणाला? सांगितलं तर ते कुठल्या रकान्यात बसवणार? सरांनी स्वतःच रकाना निवडला.

"नेट लिहितो," ते म्हणाले. "क्लासला गच्चीवर बसत जा."

आमच्या घराला गच्ची नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही. मायला वाटलं शाबासकीचा फोन आला.

मी पुन्हा बसायला लागले. मान वर करून बसले. सर्टिफिकेट पाहिजे होतं. टाळ्या वाजवा म्हटलं की वाजवल्या. बदाम पाठवा म्हटलं की पाठवले, मुरुडच्या बाईलासुद्धा पाठवले. माणूस किती खाली वाकू शकतो ते मी त्या दिवसांत पाहिलं. कुणी वाकवत नव्हतं, हे आणखी वाईट. मीच वाकत होते, आणि सगळे म्हणत होते की ताई आता छान रमल्या.

कोर्स संपत आला तेव्हा सरांचा परत फोन. शेवटच्या क्लासला काही बायकांचे अनुभव घ्यायचे होते. ते रेकॉर्ड होणार, संस्था पुढच्या बायकांना दाखवणार. मॅडमनी माझं नाव सुचवलं होतं.

"तुमच्यासारख्या बायका बोलल्या की लोकांना लई भावतं," सर म्हणाले. "आत्मविश्वास वाढला म्हना, नवीन मैत्रिणी भेटल्या म्हना, मॅडमचे आभार माना. झालं."

मी हो म्हणाले. खरंच तेच बोलायचं ठरवलं होतं. मायला सांगितलं तर तिने ठेवणीतलं लुगडं काढलं, जणू तिलाच बोलायचं होतं. माझ्या मागे, फळीच्या बाजूला, ताठ बसली. मॅडमनी माझं नाव घेतलं. म्हणाल्या, "या ताई म्हणजे आपल्या कोर्सची खरी यशोगाथा. सुरुवातीला बुजऱ्या होत्या. बोला ताई, कोर्सने तुम्हाला काय दिलं?"

पडद्यावर सगळ्या जणी, आपापल्या चौकटीत. मुरुडची बाई हसत होती. ती वाईट हसत नव्हती. तिला काही आठवतच नव्हतं. ते मला सहन झालं नाही. मी ज्याने जळत होते ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

मी बोलले. पाठ केलेलं नाही, दुसरंच.

"लातूरला माझ्या हातचा घास कुणी खाल्ला न्हाई. उपास हाय म्हनाल्या, आन् दुसरीच्या हातचं खाल्लं. मॅडम, तुमी बघितलं. बघून मला भांडं धरायला लावलं. या कोर्समधी मी एवढंच शिकले. आता मला कुनीतरी..."

माझा माइक बंद झाला. मी बंद केला नव्हता. मी बोलत राहिले. माझे ओठ मला दिसत होते, आवाज कुठेच जात नव्हता. मॅडम म्हणाल्या, "ताईंच्या नेटचा प्रॉब्लेम दिसतोय. आपण पुढे जाऊ या." आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. सगळ्यांनी वाजवल्या. शबानाने वाजवल्या नाहीत, पण ती खाली बघत होती. मग माझा पडदा काळा झाला.

मायने विचारलं, "झालं का बोलून?"

तिला कळलं होतं. माझ्या तोंडचा शब्द न् शब्द तिने मागे बसून ऐकला होता. तिने विचारलं आणि लुगड्याचा पदर नीट करत बसली. ती रडली नाही. मी रडले. मला सगळं कळत होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यांचा माइक, त्यांचा पडदा, त्यांचं सर्टिफिकेट. आपण बोललो याला साक्षीदार कोण? आपली माय.

नंतर सरांचा फोन आला. या वेळी आवाज हळू होता.

"ताई, कशाला डोकं लावून घेतलं? मला वाईट वाटलं, खरं सांगतो. पन मॅडम तुमाला परत क्लासात घ्यायला तयार न्हाईत. एक लिंक पाठवलीय. 'मी कोर्स सोडत आहे' म्हनून हाय, ते दाबा. कारन विचारतंय तिथं 'घरगुती अडचण' टाका. म्हंजे पुढच्या खेपेला नाव घालता येईल. आमी काढलं असं झालं तर तुमचंच वाईट, आन् संस्थेचंबी बरं दिसत न्हाई."

"मी सोडला न्हाई सर."

"हाव, मला ठावं हाय. पन दाबा."

सर वाईट माणूस नाही. त्यांचीही नोकरी आहे. बायका गळल्या की त्यांनाच बोलणी बसतात. पण बाहेर त्यांनीच काढायचं आणि दार मी माझ्या हाताने लावून घ्यायचं, एवढं मात्र आता माझ्याने होत नाही.

सिस्टरना मी सर्व सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या, मग म्हणाल्या, "कागद न्हाई तर मला वॉर्डात घेता येत न्हाई गं." त्याही खरंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी मी फिनेलची बादली उचलली. मायला काय सांगायचं होतं? तिला बादलीचा वास ओळखीचा आहे. मी घरी आले की ती माझे हात हातात घेते.

शबानाचं सर्टिफिकेट आलं. ती वॉर्डात गेली. मला बघून ती थांबते, मी तिला म्हणते जा, पेशंट वाट बघतोय.

लिंक अजून येते. सोबत आठवण करून देणारा निरोप, हात जोडलेल्या चिन्हासकट. ताई, कृपया आपला कोर्स सोडल्याची नोंद करा. मी तो वाचते. पुसत नाही आणि दाबतही नाही. पुन्हा सरांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं:

"सर, मला काढलं असं लिवा. कुनी काढलं ते लिवा. का काढलं ते लिवा. लिवायचं नसंल तर माझं नाव तिथंच राहू द्या. रोज तुमच्या यादीत दिसू द्या. मी माझ्या बोटानं जानार न्हाई. घरगुती अडचण म्हनून तर न्हाईच न्हाई. माझ्या घरात काही अडचण न्हाई."